फुलं भरभरून, मिरची एकही नाही: मुंबईच्या गॅलरीतली फूलगळ

मिरचीचं झाड हिरवंगार, फांदीफांदीला कळ्या. फुलंही उमलतात आणि दोन-तीन दिवसांत देठासकट खाली येतात. कुंडीभोवती पांढरा सडा, झाडावर मिरची नाही. मुंबईत ग्रिलमध्ये किंवा गच्चीवर भाजी लावणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते. सुटली म्हणेपर्यंत पुढच्या ऋतूत ती परत येते. मेमध्ये येते, जुलैत येते, ऐन डिसेंबरातही येते. आणि विचारणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: कुठलं हार्मोन फवारू?

खेळ हार्मोनचाच आहे, त्यात शंका नाही. आपले शेतकरी ज्यांना संजीवकं म्हणतात तीच ही. पण फूल धरून ठेवणारं संजीवक झाड स्वतःच बनवत असतं. ते बनायचं का थांबलं, हे कळल्याशिवाय बाहेरून चार थेंब शिंपडणं म्हणजे नळ कुठे गळतोय ते न बघता फरशी पुसत बसणं. म्हणून बाटलीकडे शेवटी येऊ. आधी पडलेली फुलं उचला.

पडलेलं फूल बघा

पाच-सहा फुलं तळहातावर घ्या आणि पाकळ्या सोडून देठाचं टोक बघा. टोक गुळगुळीत, गोल, कापल्यासारखं आणि देठ जरा पिवळट असेल, तर ते फूल झाडाने स्वतः सोडलेलं आहे. टोमॅटोत हे आणखी स्पष्ट दिसतं. फुलाच्या देठावर मध्येच एक गाठीसारखा सांधा असतो आणि फूल बरोबर तिथूनच सुटतं. मिरचीत सांधा देठाच्या बुडाशी असतो, म्हणून अख्खा देठ फुलाबरोबर येतो.

टोक फाटलेलं, चिंबलेलं असेल तर संशयित दुसरे. मुंबईत पहिला संशय कबुतरांवर घ्यावा, दुसरा वाऱ्यावर. पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे असतील तर झाडावरचं ताजं फूल पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. बारीक, लांबट, फिकट पिवळे जीव पळताना दिसले तर ते फुलकिडे. त्यांच्यासोबत शेंड्याची पानं वर वळून चुरगळली असतील तर चुरडामुरड्याची सुरुवात आहे. तिथे संजीवकांचा विचार सोडा, निंबोळी तेल काढा.

बाकी सगळी, म्हणजे बहुसंख्य फुलं, गुळगुळीत टोकाचीच निघतात. त्यांचं पुढे बघू.

झाड फूल सोडतं कसं

देठाच्या त्या सांध्यात पेशींचा एक पातळ थर असतो. फुलातून, विशेषतः परागीभवन झाल्यावर आत वाढू लागलेल्या कोवळ्या बियांमधून, ऑक्सिन नावाचं संजीवक देठातून सतत खाली वाहत असतं. ते वाहतंय तोवर हा थर मुकाट राहतो. प्रवाह आटला की थर इथिलीनच्या बाबतीत हळवा होतो. इथिलीन हे वायुरूप संजीवक, झाडच तयार करतं. मग त्या थरातल्या पेशी अशी विकरं सोडतात की दोन पेशींना चिकटवणारं पेक्टिन विरघळतं, आणि फूल स्वतःच्या वजनाने गळतं. म्हणूनच टोक इतकं स्वच्छ असतं.

यावर विश्वास बसत नसेल तर रंगीत पानांचं कोलियस बहुतेक गॅलऱ्यांत असतंच, त्याचं एक पान घ्या. पान कात्रीने कापून टाका, पण देठ खोडावर राहू द्या. पाच-सात दिवसांत हा बोडका देठ बोट लावताच सुटेल. शेजारचे, पान असलेले देठ मात्र घट्ट असतील. ऑक्सिन पात्यातून येत होतं, पातं गेलं, देठाचं काम संपलं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग वर्षानुवर्षं करतात. कापलेल्या टोकाला ऑक्सिन लावलं तर देठ टिकून राहतो, हेही तिथे दाखवतात.

स्ट्रॉबेरीचं उदाहरण तर फारच गोड आहे. महाबळेश्वरहून आलेल्या स्ट्रॉबेरीवर जे बारीक दाणे दिसतात ती तिची खरी फळं, एकेका दाण्यात एकेक बी. १९५० साली जाँ पॉल निच यांनी कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे हे दाणे काढून टाकले, तर लाल होणारा गराचा भाग फुगलाच नाही. दाण्यांच्या जागी ऑक्सिन लावलं, तर फुगला. काही भागातलेच दाणे ठेवले तर फळ तेवढ्याच भागात वाढून वेडंवाकडं झालं. बाजारात कधी एका बाजूला चेमटलेली स्ट्रॉबेरी मिळते, तिथले दाणे नीट परागित झालेले नसतात.

म्हणजे आपला प्रश्न असा उरतो: आपल्या मिरचीच्या फुलात बी धरलं का नाही, किंवा धरूनही प्रवाह का आटला? याचं उत्तर मुंबईत महिन्यावर अवलंबून असतं.

एप्रिल-मे: रात्रीचा उकाडा

दिवसाच्या उन्हाला सगळेच बोल लावतात, पण फुलांचं नुकसान रात्र करते. टोमॅटोला रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहिलं की सेटिंग, म्हणजे फळ धरणं, घटू लागतं. मुंबईत मे महिन्यात रात्रीचं किमान तापमानच २६-२७ अंश असतं. मिरची थोडं अधिक सोसते, पण तिचीही मर्यादा याच्या खालीच येते. उष्ण रात्री झाड दिवसभर कमावलेली साखर श्वसनात उडवून टाकतं, फुलाच्या वाट्याला कमी येते, आणि पराग कमजोर निघतो.

यात एक फसगत आहे. पराग फूल उमलल्यावर घडत नाही, तो आठवडा-दीड आठवडा आधी मिटल्या कळीत घडतो. उकाड्याची झळ तेव्हाच बसलेली असते. म्हणून परवा पाऊस पडून गारवा आला तरी आज फुलं गळतात, आणि माणूस म्हणतो, ‘आता तर गार आहे, मग का?’ आठवडाभर थांबा आणि मग बघा.

टोमॅटोबाबत माझं मत स्पष्ट आहे: मुंबईत मेमध्ये टोमॅटो धरायचा हट्ट करू नये. बी सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकावं, म्हणजे फुलोरा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतो. जानेवारीत सांताक्रूझकडचं किमान तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असतं, कुलाब्याला समुद्रामुळे दोनेक अंश जास्त. शहरात टोमॅटोचा हंगाम तो एवढाच. मिरचीला मात्र मेमध्ये तगवता येतं. दुपारी हिरव्या जाळीची सावली, सकाळ-संध्याकाळ पाणी, कुंडीच्या मातीवर नारळाच्या शेंड्यांचं किंवा सुक्या पानांचं आच्छादन. फुलं गळू द्या, झाड जगलं पाहिजे.

आणि एसीचं बाहेरचं युनिट कुठे आहे ते बघा. फ्लॅटमधल्या फूलगळीचं हे इतकं नेहमीचं कारण आहे की मी सगळ्यात आधी तेच विचारते. युनिटच्या पंख्यासमोरच्या कुंडीवर रात्रभर गरम, कोरडी हवा फेकली जाते. झाड ॲबसिसिक ॲसिड हे ताणाच्या वेळचं संजीवक वाढवून पानांची रंध्रं मिटतं आणि खर्च कमी करायला फुलं सोडतं. वरच्या मजल्यावरचा एसी तुमच्या ग्रिलकडे तोंड करून असेल तरी तेच. कुंडी चार फूट बाजूला सरकवली तरी फरक पडतो.

एप्रिल-मेची आणखी एक मुंबईकर सवय म्हणजे गॅलरीत ठेवलेल्या आंब्याच्या पेट्या. पिकणारा हापूस इथिलीन सोडत असतो, त्यावरच तर अढी पिकते. उघड्या ग्रिलमध्ये हा वायू वाऱ्यावर उडून जातो, काळजी नाही. पण स्लायडिंगच्या काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत पेट्या आणि मिरचीच्या कुंड्या शेजारी ठेवू नका. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह यांनी दाखवून दिलं होतं की प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं वाकडी होतात ती दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे. गॅसची गळती होती तिथली रस्त्यावरची झाडंही अवेळी पानं गाळत. इथिलीनची मात्रा अगदी नगण्य असली तरी झाडाला ती कळते.

जून ते सप्टेंबर: कुंडीत पाणी, फुलात पाणी

पावसाळ्यातली फूलगळ मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती टाळता येते आणि तरी कुणी टाळत नाही.

कुंडी पाण्याने भरली की मुळांना प्राणवायू मिळत नाही. इथिलीन बनायच्या साखळीत शेवटच्या पायरीला प्राणवायू लागतो, त्यामुळे बुडालेल्या मुळांत ती पायरी अडते आणि आधीचा कच्चा माल, एसीसी नावाचा, साठत जातो. हा एसीसी मग खोडातून वर जातो. वर पानांत प्राणवायू भरपूर, तिथे त्याचं इथिलीन होतं. टोमॅटोच्या रोपात ही वाट तपासून सिद्ध झालेली आहे. परिणाम डोळ्यांना दिसतो: पानं न सुकता देठापासून खाली कलतात आणि फुलं झडतात. पानं कललेली बघून माणूस समजतो पाणी कमी पडलं, आणि आणखी एक तांब्या ओततो.

तर तपासा असं. कुंडीखालची ताटली काढून टाका, पावसाळाभर तिची गरज नाही. कुंडी दोन विटांवर ठेवा. तळाच्या भोकात एखादी काडी घाला. ती अडली तर मुळांनी किंवा चिखलाने भोक बुजलंय. बोट दोन पेरं मातीत खुपसा. माती आंबूस वास मारत असेल तर कुंडी आडवी करून पाणी निथळू द्या. नुसत्या लाल मातीत भरलेली कुंडी मुंबईच्या पावसात तग धरत नाही. कोकोपीट, शेणखत, थोडी जाडी वाळू हवीच.

दुसरं कारण पराग. हवा इतकी दमट असते की पराग गोळा होऊन पुंकेसरातून सुटतच नाही, आणि सुटलाच तर सर येऊन धुऊन नेते. त्यावर उपाय बोटाचा. पावसाची उघडीप बघून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ताज्या उमललेल्या फुलांच्या फांदीला मागून टिचकी मारा. मिरची आणि टोमॅटो दोन्हींचं परागीभवन स्वतःच्याच परागाने होतं, फक्त तो हलायला हवा. टोमॅटोचा पराग पुंकेसराच्या टोकाच्या भोकातून मिठाच्या डबीसारखा झडतो. शेतात हे काम वारा आणि गुणगुणत फूल हलवणाऱ्या माश्या करतात. आठव्या मजल्यावर, तिन्ही बाजूंनी टॉवर असलेल्या ग्रिलमध्ये, दोघांचाही भरवसा नाही. ही टिचकी हिवाळ्यातही चालू ठेवा.

हिवाळा आला, तरी गळतेय

आता हवामान अनुकूल आहे. तरी फुलं टिकत नसतील तर दोष आपल्या बाजूला शोधायचा.

आधी ऊन. सावलीत झाडाकडे साखर कमी पडते, आणि भुकेलेली मिरची कळ्या-फुलं सोडते. मुंबईत सूर्य वर्षभर एकाच बाजूला नसतो. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस होतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि हिवाळ्यात चांगलाच दक्षिणेला झुकतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत अजिबात नाही. पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर मिरचीऐवजी आळू, पुदिना, गवती चहा लावा. सावलीतल्या मिरचीला खत घालून काही होत नाही.

मग खत. पानं गर्द हिरवी, मोठी, लुसलुशीत आणि फुलं गळतात, तर नत्र जास्त झालं. चमचा-चमचा युरिया घालणारे अजून भेटतात. महिनाभर काही घालू नका.

आणि एक कारण असं, जे कुणाच्या लक्षात येत नाही: झाडावर आधीच असलेली मिरची. पहिल्या चार-पाच मिरच्या कौतुकाने लाल होईपर्यंत ठेवल्या जातात. त्यांच्यातलं बी भरत असतं, त्यांच्याकडून ऑक्सिनचा दणदणीत प्रवाह खाली येतो, साखरही तिकडेच ओढली जाते. त्यांच्यापुढे नव्या फुलाचा प्रवाह क्षीण पडतो आणि त्याचा सांधा सुटतो. हिरव्या असतानाच मिरच्या तोडत राहा, फुलं टिकू लागतात. घेवडा, गवार, भेंडी यांनाही हेच लागू आहे.

दुधी वेगळा

वेलभाज्यांची तक्रार निराळी असते: ‘फुलं भरपूर, दुधी नाही’ किंवा ‘बोटाएवढा दुधी येतो आणि पिवळा पडून सडतो.’

पहिल्या तक्रारीत बहुतेक वेळा सगळी फुलं नर असतात. वेलावर आधी नर फुलं येतात, मादी मागाहून. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नराच्या मागे नुसता देठ. नर फुलं गळणारच, ते त्यांचं मरण नैसर्गिक आहे. काकडीवर्गात इथिलीन मादी फुलं वाढवतं आणि जिबरेलिन नावाचं संजीवक नर. उष्णता आणि मोठे दिवस पारडं नरांकडे झुकवतात. शेतकरी रोप दोन ते चार पानांवर असताना इथिलीन सोडणारं इथेफॉन फवारतात ते मादी फुलं वाढावीत यासाठीच. गॅलरीत चार पानांनंतर जाग येते, तेव्हा त्याचा उपयोग नसतो. शेंडा खुडा आणि बगलफुटी येऊ द्या, त्यांवर मादी फुलं लवकर येतात.

दुसरी तक्रार परागीभवन न झाल्याची. इथे वेळ चुकते. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, पतंगांसाठी. सकाळी नऊला ब्रश घेऊन गेलात तर फूल कोमेजत आलेलं असतं. दिवेलागणीच्या सुमारास ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या आत हलकेच घासा. दोडकाही संध्याकाळचाच. काकडी, कारलं आणि लाल भोपळ्याला मात्र सकाळी लवकर जावं लागतं. दोनच दिवसांत इवल्या दुधीचा देठ जाड होऊन खाली वळला, की बी धरलं.

आता बाटली

एवढं करूनही झाड निरोगी, हवा बरी, परागीभवन होतंय आणि तरी फुलं गळतात, तर एनएए हे कृत्रिम ऑक्सिन वापरता येतं. बाजारात ते साधारण ४.५ टक्क्यांचं मिळतं. १० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांचं, द्रावण हवं असेल तर १ मिली औषधाला साडेचार लिटर पाणी लागतं. म्हणजे घरच्या अर्ध्या लिटरच्या स्प्रे बाटलीत जेमतेम दोन थेंब. लोक झाकणभर ओततात. एका झाकणात पाच मिली धरलं तर ते साडेचारशे पीपीएम झालं. जादा ऑक्सिन झाडाला इथिलीन बनवायला लावतं आणि होती नव्हती ती फुलंही जातात. सफरचंदाच्या बागांत हेच एनएए फुलोऱ्यानंतर जादा फळं पाडायला मुद्दाम वापरतात. तण मारणारं २,४-डीसुद्धा ऑक्सिनच्याच घराण्यातलं आहे. तेव्हा थेंब मोजा, लेबलवरची पिकाची मात्रा वाचा, संध्याकाळी फवारा आणि हातमोजे घाला.

जिबरेलिक ॲसिड, म्हणजे बाटलीतलं जिबरेलिन, मिरचीसाठी मागू नका. नाशिकच्या द्राक्षांना त्याचा फायदा होतो, कारण थॉम्पसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षात मणी फुगवायला लागणारं संजीवक देणारं बीच नसतं, ते बाहेरून द्यावं लागतं. तुमच्या मिरचीत बी आहे. जिबरेलिनने ती फक्त लांबलचक, लुकडी होईल.

नारळपाणी फवारावं का, हेही विचारतात. त्यात सायटोकायनिन हे पेशी वाढवणारं संजीवक खरंच असतं. १९४१ पासून ऊतीसंवर्धनात नारळाचं पाणी वापरलं जातंय ते त्याचमुळे. पण त्यात साखरही असते. पानांवर मुंग्या आणि काळी बुरशी येऊ द्यायची नसेल तर दसपट पाणी घाला आणि पावसाळ्यात नकोच.

लिंबाचा प्रश्न: ‘पाणी घातलं आणि गळालं’

मे महिन्यात गावी आठ-दहा दिवस जाऊन आलं की कागदी लिंबाच्या कुंडीत हे हटकून घडतं. परतल्यावर झाड मलूल पण पानं-फळं जागेवर. बादलीभर पाणी घालतात, आणि दोन दिवसांत सगळं खाली. पाण्याने मारलं असं वाटतं. संत्रावर्गीय झाडांत कोरड्या काळात मुळांमध्ये एसीसी साठतो, पाणी मिळताच तो प्रवाहाबरोबर वर जातो आणि पानांत त्याचं इथिलीन होतं.

शेतकरी हाच कोरडा काळ हिशोबाने वापरतात. पाणी तोडून ताण देतात, मग पाणी आणि खत देऊन बहार, म्हणजे ठरावीक हंगामाचा फुलोरा, धरतात: हिवाळ्याअखेरचा आंबिया, पावसाळ्याच्या तोंडचा मृग, पावसाळा सरतानाचा हस्त. हस्त बहाराला भाव चांगला, पण त्याआधी पावसाळा असल्याने ताण बसत नाही. म्हणून जूनमध्ये जिबरेलिक ॲसिड फवारून मृगाची फुलं रोखतात आणि सप्टेंबरात सायकोसेलने वाढ आवरतात. लिंबूवर्गात आणि आंब्यात जिबरेलिन फुलोऱ्याच्या आड येतं. कोकणात हापूसला पावसाळ्यात पॅक्लोब्युट्राझोल देतात तेही झाडातलं जिबरेलिन कमी करण्यासाठी, त्याची शिफारस दापोलीच्या कृषी विद्यापीठाची आहे. ते जमिनीतल्या, पूर्ण वाढलेल्या झाडांसाठी. ड्रममधल्या कलमाला देऊ नका, मातीत ते बराच काळ राहतं.

कुंडीतल्या लिंबावर फळं असतील तर ताण द्यायचाच नाही. गावी जाताना कुंडी सावलीत सरकवा, आच्छादन घाला, शेजारच्या काकूंना किल्ली द्या. विसरलातच, तर परतल्यावर पहिल्या दिवशी पेलाभर पाणी कडेकडेने, दुसऱ्या दिवशी दोन पेले, आणि माती पूर्ण भिजायला तीन-चार दिवस लागू द्या. तोवर उन्हात आणू नका, खत घालू नका.